‘सर, ओगी रावात’ : फुटबॉलच्या आयोजकांना आणि पंचांना एक खुलं पत्र

प्रति,
गोव्यातील शालेय व आंतरगाव फुटबॉल स्पर्धांचे आयोजक
आणि त्या सामन्यांत शिटी घेऊन उतरणारे सर्व पंच यांस,

विषय : सामना चालू असताना प्रशिक्षकाने पंचाशी एक शब्दही बोलू नये, या फर्मानाबद्दल.

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका स्पर्धेसाठी संघव्यवस्थापकांची बैठक झाली. ड्रॉ निघाला, चहा-भजी झाली, दोन शाळांच्या जर्सी एकाच रंगाच्या निघाल्या म्हणून पंधरा मिनिटं वाद झाला. सगळे उठायच्या बेतात असताना आयोजकांपैकी एकांनी कागद वाचून दाखवला. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत प्रशिक्षकाने पंचाशी किंवा लाइनमनशी बोलायचं नाही. बोलल्यास प्रशिक्षक मैदानाबाहेर, पुन्हा बोलल्यास संघ बाद. कोणी काही विचारायच्या आत खुर्च्या सरकल्या. माझ्या शेजारी बसलेला तरुण शिक्षक हळूच म्हणाला, “सर, मग पोरगा पडला तर ओरडायचं की नाही?”

त्याने थट्टेत विचारलं होतं. मला ती थट्टा वाटली नाही, कारण माझ्या बाबतीत हे घडून गेलं आहे.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतो. चौदा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ माझ्याकडे असतो. मधली चार वर्षं मी स्वतः गावोगावच्या स्पर्धांत शिटी वाजवली आहे. भात कापून झालं, मळे सुकले की त्यातच गोलपोस्ट उभे राहतात, चुन्याची रेघ अर्ध्या सामन्यात पुसली जाते आणि लाइनमन म्हणून त्याच गावातला कोणीतरी झेंडा घेऊन उभा असतो, ते सामने. मला कोकणीत शिव्या पडल्या आहेत, मराठीत पडल्या आहेत आणि एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पोर्तुगीजमध्ये बरंच काही सुनावलं. त्याचा अर्थ मी अजून कोणाला विचारलेला नाही. तेव्हा उन्हात एकामागून एक तीन सामने घेणाऱ्या पंचाचं डोकं कुठे असतं हे मला ठाऊक आहे. हे पत्र पंचांच्या विरुद्ध नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, पावसाची झड, मैदानात घोट्यापर्यंत चिखल. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. उडी मारताना त्यांच्या एका मुलाचा गुडघा आमच्या स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, कानशिलावर बसला. चेंडू बाहेर फेकला गेला, आमच्याच मुलांनी तो पळवत दुसऱ्या टोकाला नेला आणि पंचही चेंडूमागे धावले. धावणारच, त्यांचं लक्ष चेंडूवर असायलाच हवं. इकडे तेरा वर्षांचा मुलगा आमच्या गोलसमोर डबक्यात पालथा पडलेला. मी ओरडलो, “रेफ्री! रेफ्री!” त्यांनी मागे न बघता तळवा माझ्याकडे केला आणि ते म्हणाले, “सर, ओगी रावात!” म्हणजे, गप्प राहा. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा तळवा. तिसऱ्यांदा मी ओरडलो नाही, आत गेलो. मुलाला कुशीवर वळवलं, तोंडातला चिखल काढला. पंच आले ते खिशातून लाल कार्ड काढतच.

परवानगीशिवाय मी मैदानात शिरलो, हे नियमाविरुद्ध होतं. मान्य. तीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा शिरेन, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पण नियमाचीच भाषा बोलायची तर ती पुरती बोलू. कोणाच्या अंगावर न जाता, शिस्तीत मैदानात आलेल्या प्रशिक्षकाला सहसा तोंडी ताकीद द्यावी, असं नियमपुस्तकाचा बारावा नियम सांगतो. आणि एखादा खेळाडू गंभीर जखमी आहे असं वाटलं तर पंचाने खेळ थांबवावा, हे पाचव्या नियमात आहे. त्यांना ते वाटलं नाही, कारण त्यांना ते दिसलं नाही. मला दिसत होतं. सांगायला मी धडपडत होतो आणि सांगण्याची वाट बंद होती.

मुलाला एक रात्र इस्पितळात ठेवलं. आता तो दहावीला आहे, खेळतो, आणि हेडर मारायला अजून घाबरत नाही, याचं मला भय वाटतं.

सामना संपल्यावर ते पंच स्वतःहून माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, म्हाका दिसलें तुमी ऑफसाइड मागतात.” म्हणजे, मला वाटलं तुम्ही ऑफसाइड, समोरचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे उभा होता असा निर्णय, मागताय.

या एका वाक्यावर मी दोन वर्षं विचार करतोय. माणूस वाईट नव्हता. लाइनीवरून येणारा प्रत्येक आवाज म्हणजे ऑफसाइडची नाहीतर पेनल्टीची मागणी, हे त्यांनी वर्षानुवर्षं अनुभवलं होतं. ती सवय त्यांना कोणी लावली? आम्ही. प्रत्येक थ्रो-इनला (बाहेर गेलेला चेंडू हातांनी आत टाकायच्या वेळी) हात वर करणारे, लाइनमन पोरगेला असला की त्याच्या कानाशी बडबडणारे, हरल्यावर मुलांसमोरच ‘रेफ्रीन मॅच खाली’ (रेफ्रीने मॅच खाल्ली) म्हणणारे आम्ही प्रशिक्षक. त्यात मीही आलो. एकदा एका नवख्या पंचाला मी इतकं बोललो होतो की मध्यंतरात तो पाणी प्यायलाही आमच्या बाजूला आला नाही. त्याची आठवण झाली की आजही लाज वाटते. तेव्हा तुमच्या फर्मानामागचा वैताग मला कळतो. पण सुक्याबरोबर ओलंही जाळायचं, हा त्यावर उपाय नव्हे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली सांगून झाली. आवाज सरसकट बंद केला की जिवाचा आवाजही बंद होतो. बाकीच्या तक्रारी हिच्यापुढे लहान आहेत, पण ऐका.

दुसरी तक्रार, पंचाची नजर आणि पंचाचा नियम या दोन गोष्टींत तुम्ही फरकच ठेवलेला नाही. धक्का लागला की नाही, चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, हे पंचाने जे पाहिलं तेच अंतिम. त्यावर प्रशिक्षकाने तोंड उघडू नये, हे मी माझ्या मुलांनाही शिकवतो. पण मागच्या वर्षी एका सामन्यात आमच्या मुलाने लांब थ्रो-इन टाकला, पुढे एकटा उभा असलेल्या फॉरवर्डने चेंडू घेतला आणि झेंडा वर झाला. ऑफसाइड! थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. झेंडा धरणारा मुलगा त्या गावातला होता, त्याचा दोष नाही. पंचांनी त्याच्यावर विश्वास ठेवून शिटी मारली. मी एवढंच म्हणणार होतो, “सर, थ्रो-इन होता.” तीन शब्द. पहिला शब्द निघताच त्यांनी मला बाक दाखवला. खेळ पुन्हा सुरू होत नाही तोवर पंचाला आपला निर्णय बदलता येतो, नियमातच ती सोय आहे. म्हणजे पाच सेकंदांत त्यांची चूक त्यांनाच दुरुस्त करता आली असती आणि मैदानावर कोणाला कळलंही नसतं. त्याऐवजी सामना संपेपर्यंत सगळं मैदान त्यांच्यावर हसत होतं. यात पंचाचा मान राहिला कुठे?

तिसरी तक्रार भाषेची. बैठका इंग्रजीत, सूचनापत्रक इंग्रजीत. फातोर्डा, म्हापसा अशा शहरी भागांत ते खपत असेल. आमची मुलं मराठी प्राथमिक शाळेतून आलेली, घरी कोकणी बोलणारी. एकदा पंच मला पिवळं कार्ड दाखवत म्हणाले, “नो डिसेंट, कोच.” बाकावरचा आमचा बदली गोलरक्षक गंभीर होऊन मला विचारतो, “सर, आपण डिसेंट नाही म्हणून कार्ड दिलं?” मी त्या दिवशी खरंच काही बोललो होतो, कार्ड योग्य होतं. पण ते का मिळालं हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. ‘निर्णयावर नाराजी दाखवू नका’ हे मराठीत सांगता येतं. कोकणीत तर आणखी कमी शब्दांत.

चौथी तक्रार मी माझ्यासाठी करत नाही. मुलींच्या एका सामन्यात पंचांना संघाला काहीतरी समजावून सांगायचं होतं. ते बाकाजवळ आले आणि प्रशिक्षक असलेल्या शिक्षिकेला ओलांडून, पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या बसच्या ड्रायव्हरशी बोलू लागले. ड्रायव्हर बिचारा मान डोलवत राहिला. त्या बाई गेली दहा वर्षं मुलींना शिकवतात आणि आमच्या भागात त्यांच्याइतके नियम कोणाला पाठ नाहीत. बोलायचंच नाही असं ठरवलेले पंच इथे बोलले, पण ड्रायव्हरशी. तसंच मोठ्या क्लबच्या अकादमीचा प्रशिक्षक आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन वाक्यं बोलणं होतंच, हे आम्ही लाइनीच्या पलीकडून बघत असतो. मुकेपणाचा नियम फक्त आमच्यासाठी असतो.

‘मोठ्या सामन्यांत असंच चालतं’ असं मला बैठकीनंतर ऐकवण्यात आलं. नाही चालत. २०१७च्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला होते, तेव्हा आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. इराणने जर्मनीला ४-० ने हरवलं तो सामना. मुलं गोल बघत होती, मी बाकांकडे बघत होतो. दोन्ही बाकांच्या मधे चौथा पंच उभा असतो तो काय फक्त बदली खेळाडूंचे नंबर दाखवायला? प्रशिक्षकाचा राग मैदानातल्या पंचापर्यंत पोचायच्या आत त्याच्यापाशी विरतो. ऐकून घ्यायला तिथे एक माणूस ठेवलेला असतो. २०२४च्या युरो स्पर्धेपासून तर ‘पंचाशी फक्त कर्णधारानेच बोलायचं’ ही पद्धत आली. आपल्याकडे तिची अर्धीच बाजू पोचली, बाकीच्यांनी गप्प बसायची. दुसरी बाजू अशी की महत्त्वाचा निर्णय पंच कर्णधाराला समजावून सांगतो. आमचा कर्णधार तेरा वर्षांचा आहे. घामाने आणि भीतीने तो तुमच्यासमोर ‘हो सर’ यापलीकडे काही बोलू शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी मोठं माणूस लागतं.

आणि कार्डांबद्दल. तुमच्या खिशातली ती दोन कार्डं कुठून आली, हे तुमच्यातले जुने पंच जाणतात. नव्यांसाठी सांगतो. १९६६चा विश्वचषक, वेम्ब्ली, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन याला बाहेर काढलं. पंचाला स्पॅनिश येत नव्हतं, कर्णधाराला जर्मन. आपण दुभाषा मागत होतो, असं रात्तीनचं म्हणणं. तो कितीतरी वेळ मैदान सोडेना. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना पंचांनी ताकीद दिली होती म्हणे, ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. मैदानात ते कोणाला कळलंच नव्हतं. इंग्लंडचे प्रशिक्षक अल्फ रॅमसी यांना फिफाकडे खुलासा मागावा लागला. त्या स्पर्धेत पंचांची जबाबदारी पाहणारे केन अ‍ॅस्टन गाडीतून जाताना सिग्नलचे दिवे बघून विचार करू लागले आणि १९७०च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात पिवळं आणि लाल कार्ड आलं. म्हणजे कार्ड जन्माला आलं ते पंचाचं म्हणणं समोरच्याला, बाकावरच्या प्रशिक्षकाला आणि गॅलरीतल्या शेवटच्या माणसाला कळावं म्हणून. आपल्याकडे ते बोलणं तोडायला वापरलं जातं.

२०१९ पासून प्रशिक्षकांनाही कार्ड दाखवता येतं. मी त्याच्या बाजूचा आहे. कारण त्याच नियमात पायऱ्या आहेत. किरकोळ नाराजी, अधूनमधून टेक्निकल एरियाच्या (बाकाजवळच्या आखलेल्या जागेच्या) बाहेर पाऊल, याला आधी ताकीद. शब्दाने किंवा हातवाऱ्याने निषेध, बाटली फेकणं, समोरच्याला कार्ड द्या म्हणून वारंवार खुणा करणं, याला पिवळं. शिवीगाळ, अंगावर जाणं, भांडायला मैदानात शिरणं, याला लाल. दोषी कोण हे कळलं नाही तर बाकावरच्या मुख्य प्रशिक्षकाला कार्ड, हेही लिहिलेलं आहे आणि तेही मला रास्त वाटतं. इतकी नीट शिडी तयार असताना तुम्ही खालच्या पायऱ्या काढून थेट माळ्यावर का चढता?

म्हणून मागण्या. फार नाहीत, आणि पैसेही फारसे लागत नाहीत.

ते फर्मान मागे घ्या. त्याच्या जागी बाराव्या नियमातल्या या पायऱ्या मराठी-कोकणीत एका पानावर छापा आणि ते पान प्रत्येक बाकाला चिकटवा.

सामन्याआधी पाच मिनिटं पंचांनी दोन्ही प्रशिक्षक आणि दोन्ही कर्णधार यांना एकत्र बोलवावं. मैदानात खड्डा कुठे आहे, झेंडा कोण धरणार, आज कशाबद्दल कडक राहणार, एवढं सांगावं. मी पंच होतो तेव्हा हे करून पाहिलं आहे. निम्मा आरडाओरडा तिथेच जिरतो.

दुखापतीसाठी एक खूण ठरवा. मी सुचवतो, प्रशिक्षकाने दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभं राहायचं, दुसरं काही नाही. ती खूण दिसली की पंचांनी किंवा लाइनमनने फक्त एकदा मागे वळून बघायचं. वेळ काढायला किंवा हल्ला थांबवायला कोणी ती वापरली तर त्याला खुशाल पिवळं कार्ड दाखवा. पहिलं माझ्यापासून सुरू करा.

नियम कसा लावला याबद्दल प्रश्न विचारायची मुभा हवी. खेळ थांबलेला असताना, जवळच्या लाइनमनमार्फत, हळू आवाजात, एकदाच. उत्तरही एका वाक्यात. “फाउल का नाही दिला?” हा प्रश्न यात बसत नाही. “थ्रो-इन होता ना, सर?” हा बसतो. उत्तर आवडलं नाही तरी त्यावर दुसरा प्रश्न नाही. पंच म्हणाले “बघितलं, पुढे चला,” तर तेही उत्तरच आहे, आम्ही पुढे चालू.

कार्ड कोणाला आणि कशासाठी, हे दाखवतानाच मोठ्याने सांगा. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे, ज्या पंचांचा सामना नाही त्यांच्यातला एक जण दोन बाकांच्या मधे उभा करा. आणि बोलायचं असेल ते संघाच्या प्रशिक्षकाशीच बोला, बाई असोत की बुवा.

तुम्ही म्हणाल, थोडी ढील दिली की प्रशिक्षक डोक्यावर बसतात. काही जण बसतीलही. त्यांना उतरवायला खिशात दोन कार्डं आहेतच. तुम्ही असंही म्हणाल की पंचाला वेळ कुठे असतो. एका सामन्यात गोलकिकसाठी चेंडू शोधायला काजूच्या झाडीत किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून मोजा.

यात पंचांच्या वतीनेही एक मागणी आहे. एका माणसाला भर दुपारी सलग तीन सामने देऊ नका. तिसऱ्या सामन्यात त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणं हाही अन्यायच. त्याच्यासाठी सावलीत एक खुर्ची आणि पाण्याचा जग ठेवा. प्रमुख पाहुण्यांसाठी जो मांडव घालता त्याच्याच एका कोपऱ्यात.

आणि आमच्या बाजूने काय? आमच्या भागातल्या ओळखीच्या शिक्षकांशी मी बोललो आहे. लाइनमनशी वाद घालणार नाही, मुलांसमोर पंचाला नावं ठेवणार नाही, आमच्या गावचे प्रेक्षक शिव्या देऊ लागले तर त्यांना आवरायला पंचाआधी आम्ही जाऊ, असं आम्ही लिहून, सही करून द्यायला तयार आहोत. हा कागद पुढच्या बैठकीला मी घेऊन येतो. तुम्ही तुमचा आणा.

आमचा पहिला सामना मंगळवारी सकाळी नऊला आहे. पावणेनऊला मी आणि माझा कर्णधार मधल्या वर्तुळात उभे असू. त्या दिवशी फर्मान लागूच असेल तर शिटी वाजायच्या आत मला एवढंच विचारायचं आहे की दोन्ही हात डोक्यावर ठेवले तर ते बोलणं धरणार का.

आपला,
सत्तरीतला एक शारीरिक शिक्षण शिक्षक